लंगोट धुणार कोण?



व्याख्यानमालेत राज्यघटना येते, संतसाहित्य येते, शेतीमालाचा भाव येतो; बाळाचा लंगोट सहसा येत नाही. तो आला की काहींना हसू येते, तेही स्वाभाविक आहे. पण मूल जन्मल्यापासून दोन-अडीच वर्षे कापूस, पाणी, मजुरी आणि कचरा यांचा रोजचा मेळ घराला ज्या एका वस्तूपाशी घालावा लागतो, ती ही वस्तू. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. परभणी जिल्ह्यासारख्या मुलखात तान्ह्या मुलासाठी कापडी लंगोट हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र तो सुरू करताना किती लंगोट लागतील, ते कसे शिवावेत, हे प्रश्न नंतरचे. ते धुणार कोण, हे आधी ठरले पाहिजे. हे न ठरवता ‘आपल्या आज्या काय वेड्या होत्या?’ असे विचारणाऱ्यांशी माझे जमत नाही. आज्या वेड्या नव्हत्याच, पण त्यांच्या पाठी मोडत होत्या, हेही सांगायला हवे.

आधी कापडाकडे वळू. मानवत आणि सेलू या पेठा कापसावर वाढल्या. परभणीच्या महेबूब बाग केंद्रात निजामाच्या काळापासून देशी कापसावर संशोधन होत आले आणि १९७२ साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे सुधारित वाण दिले. देशी कापसातल्या आखूड, जाडसर तंतूच्या जाती सूतगिरणीला फारशा नको असतात, पण ओल शोषून घ्यायला त्या उत्तम; दवाखान्यातल्या शोषक कापसासाठी त्यांना मागणी असते ती त्यामुळेच. असा हा कापसाचा जिल्हा, आणि इथल्या घरांत आज जुने सुती कापड शोधावे लागते! पूर्वी लंगोटासाठी वेगळा खर्च नव्हता. सुती लुगडे, धोतर वापरून वापरून मऊसूत झाले की त्याची दुपटी आणि बाळुती होत. आता रोजच्या वापरातली साडी पॉलिस्टरची आणि शर्ट टेरिकॉटचा. ते फाडून लंगोट केला तर ओल बाळाच्या अंगालाच राहते, कारण ते सूत पाणी पोटात घेत नाही. कापडी लंगोटाचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात फसतो तो पुष्कळदा इथे. उपाय साधा आहे. मांजरपाट, मलमल किंवा चादरीचे सुती कापड मीटरवर विकत घ्यावे. ते नवे कोरेही वापरू नये. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, वर गिरणीची खळ असते. गरम पाण्यात चार-पाच वेळा धुतल्याशिवाय ते नीट शोषत नाही. आणि जुने कापड ट्रंकेतून काढले असेल तर त्यात डांबरगोळ्या होत्या का हे जरूर पाहावे. त्यांतले नॅफ्थलीन कपड्याला चिकटून राहते आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. कावीळ इतकी वाढते की जीवावर बेतू शकते. असे कपडे वापरायचेच नाहीत, हे बरे.

कापडाची बाजू घेणारे बहुतेक लोक पर्यावरणाचे नाव घेतात. तिथेही नुसती श्रद्धा चालत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्ही प्रकारांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका मुलामागे फेकून देण्याच्या डायपरने सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो, तर कापडी लंगोटाने सुमारे ५७०. म्हणजे कापड हरलेच की! पण त्याच अहवालात पुढे आहे की यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले तर हा भार ४० टक्क्यांनी उतरतो. कापडाची बाजू पडते ती उकळते पाणी आणि विजेचे वाळवणयंत्र यांमुळे. आता परभणी पाहा. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. दोरीवर टाकलेला एकपदरी सुती तुकडा बघता बघता वाळतो. विजेच्या वाळवणयंत्राची इथे कुणाला आठवणही येत नाही. जे ऊन आपल्याला जाळते, त्याचा एवढा तरी उपयोग आहे. पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत घरात दोरी बांधावी लागते, आठ-दहा तुकडे जास्तीचे लागतात, एवढीच अडचण. थंडीत काळजी वेगळी. विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान कधी कधी ५ अंशांच्या खाली जाते; तेव्हा ओल्या लंगोटात पडून राहिलेले नवजात बाळ झपाट्याने गार पडते. कापड वापरायचे तर रात्रीसुद्धा हात लावून बघत राहावे लागते.

पैशाचा हिशेब अवघड नाही. दुकानातला डायपर दहा रुपयांचा धरा आणि दिवसाला पाच धरा. महिन्याचे दीड हजार होतात. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती, म्हणजे महिन्यातली जवळजवळ पाच दिवसांची मजुरी. म्हणूनच गरीब घरांत एकच डायपर आठ-दहा तास ठेवला जातो आणि बाळाची कातडी सोलवटते. दोष आईचा नसतो, वस्तूच्या किमतीचा असतो. मग उरतो कचरा. डायपरमध्ये बाहेर प्लॅस्टिकचा पापुद्रा, आत लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे. हे काही शेतात कुजून खत होणारे नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर अशी जबाबदारी टाकली की डायपर गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन त्यांनीच द्यावे, आणि घरच्यांनी ते गुंडाळूनच द्यावे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने याची खरी बाजू दाखवली: उघडे पॅड आणि डायपर शेवटी कुणाच्या तरी हातांनी वेगळे करावे लागतात. म्हणून त्यांनी असा कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला. शहरांत निदान घंटागाडी तरी येते. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या खेड्यात वापरलेला डायपर जातो उकिरड्यावर, नाल्यात, आणि पावसाळ्यात तिथून गोदावरीत. ‘तान्ह्याची शी ती कसली घाण’ ही समजूत इथे फार महागात पडते. तान्ह्याच्या शीतही जुलाबाचे जंतू असतात. लंगोटातली शी संडासात झटकून टाकता येते. डायपरमधली तशीच गुंडाळून उघड्यावर पडते आणि कुत्री-डुकरे ती पसरवतात.

आता आक्षेप. पहिला डॉक्टरांकडून येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे: आधुनिक डायपर कातडी कोरडी ठेवतो, कापडाने पुरळ येते. पुरळ येते ती ओल, घर्षण आणि शी-मूत्राच्या एकत्र येण्याने. मूत्रातून अमोनिया सुटला की कातडीची आम्लता कमी होते आणि शीमधली विकरे जोमाने कातडी खाऊ लागतात. शोषक दाण्यांचा डायपर ओल दूर ओढतो, हे खरेच. परंतु कोक्रेन संस्थेने २००६ साली उपलब्ध चाचण्या तपासल्या तेव्हा डायपर वापरून पुरळ टळते की नाही, हे ठरवायला पुरेसा भरवशाचा पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला. निर्णायक गोष्ट आहे बदलण्याची वेळ. लंगोट ओला झाला की बाळ रडते, हात लागतो, बदलला जातो. डायपर वरून कोरडा दिसत राहतो. पहिल्या दिवसांत लंगोटाचा आणखी एक फायदा आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर बाळाला दूध पुरते आहे, असा ढोबळ नियम आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून पुढे देशभर गेलेल्या घरभेटींच्या योजनेत आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्यांना शू किती वेळा झाली हे दोरीवरचे लंगोट मोजून सांगता येते. याउलट आजीचा आक्षेप, की डायपरने पाय फेंगडे होतात, त्यात तथ्य नाही. लहान मुलांचे पाय काही काळ बाकदार असतातच. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळणे मात्र खुब्याच्या सांध्याला घातक आहे, आणि ती चूक आपल्याकडे कौतुकाने केली जाते.

दुसरा आक्षेप पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दिवसाला बारा-पंधरा लंगोट धुवायचे तर दोन-तीन बादल्या, म्हणजे तीस-चाळीस लिटर पाणी लागते. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी ५५ लिटर आहे, तेही जिथे पोचते तिथे. म्हणजे बाळ माणसाइतके पाणी पिते असेच म्हणा! शी झटकून, थोड्या पाण्यात विसळून, मग सगळे एकदम साबणाच्या पाण्यात घातले तर पाणी वाचते. शेवटचे पाणी संडासात ओतता येते. पण टँकरची पाळी आठ दिवसांनी येणाऱ्या वस्तीवर, किंवा गंगाखेड भागातून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या पाचटाच्या कोपीत, कुणी कापडी लंगोटाचा उपदेश करू नये. तिथे धुवायला पाणी नाही, वाळवायला दोरी नाही आणि पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईला वेळ नाही. माझा युक्तिवाद नळ आणि अंगण असलेल्या घरांपुरता आहे, आणि अशी घरे या जिल्ह्यात थोडी नाहीत.

खरा आक्षेप तिसरा. बाळंतीण स्वतः टाके सांभाळत, रात्री तीनदा उठत असताना हे धुणे तिच्या माथी येते. डायपरने तिला झोप मिळते. याला ‘आई म्हटल्यावर करावेच लागते’ हे उत्तर होऊ शकत नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या कथांत विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, धुण्याला मदत करतो. आपण ती कथा भक्तीची म्हणून ऐकतो आणि घरी आल्यावर बादलीकडे बघतसुद्धा नाही. पूर्वी हे काम आजी, मोलकरीण किंवा गावची परटीण करी. ते फुकट वाटे कारण त्याचे मोल कुणी मांडले नाही. डायपरचे दीड हजार रुपये दिसतात, लंगोटामागचा रोजचा तासभर दिसत नाही. माझ्या मते कापडाच्या बाजूचा सगळा हिशेब या तासावर उभा आहे. तो तास बापाने, आजोबांनी, मावशीने वाटून घेतला तर कापड स्वस्त, आरोग्याचे आणि स्वच्छ. तो एकट्या बाळंतिणीवर टाकला तर डायपरच बरा, हे मी निःसंकोच सांगतो.

सुरुवात कशी करावी, ते यातूनच निघते. एकदम सगळे कापडावर आणू नये. पहिले तीन-चार दिवस, काळी चिकट शी होऊन जाईपर्यंत, फाडून टाकता येतील असे जुने तुकडे वापरावेत. मग दिवसा घरी लंगोट. रात्री आणि प्रवासात डायपर, मनात अपराधी न वाटता. वीस-पंचवीस सुती चौकोन आणि तीन-चार वरची जलरोधक आवरणे पुरतात. बटणांचे तयार कापडी डायपर मिळतात ते सोयीचे, पण एकेक काहीशे रुपयांना पडतो. एक-दोन घेऊन बघावेत, डझनभर नकोत. सेफ्टीपिन नको, नाडी बरी. धुताना साबण थोडा आणि विसळणे पुष्कळ. मऊपणासाठी मिळणारे सुगंधी द्रव कापडाची शोषणशक्ती घालवतात आणि जंतुनाशकाची उग्र मात्रा नाजूक कातडीला सोसत नाही. साबण, भरपूर पाणी आणि कडक ऊन एवढे पुरे. दर दोन-अडीच तासांनी बदल, मधूनमधून बाळ उघडे ठेवणे. पुरळ लालभडक होऊन कडेने ठिपके दिसू लागले तर बुरशी असते. तेव्हा पावडर न थापता डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक विनंती. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि जावई बारशाला पाहुणा म्हणून येतो. यापुढे बाळंतविडा घेऊन जाल तेव्हा जरीचे झबले-टोपडे राहू द्या; पाच मीटर मांजरपाट चार वेळा धुऊन, चौकोन कापून, कडा शिवून द्या. आणि जावईबापूंना दोन दिवस आधी बोलावून घ्या. त्यांना बादली कुठे आहे, ते दाखवा.