मतांचा ताळेबंद



आम्ही बँकेत आकडे जुळवणारी माणसे. म्हणून आकड्यांतच बोलतो. २०१३ साली समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूरचे. २०१८ ला खानापुरात आपलेच दोघे समोरासमोर उभे राहिले. दोघांची बेरीज विजयी काँग्रेस उमेदवारापेक्षा जास्त, तरी जागा गेली. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या उमेदवाराला लाखावर मते पडली. २०२३ ला एकी झाली, तरीही जागा शून्य. खानापूर भाजपकडे गेले. निपाणीत तर २०१३ पासून भाजपच.

म्हणजे फूट हे एकच कारण नव्हे. सीमाप्रश्नाला तरुण आपल्यासोबत असतो. पाणी, रस्ते, नोकरीसाठी मात्र दुसरे दार ठोठावतो. ती कामे समितीने अंगावर घेतल्याशिवाय गेलेली मते परत जमा होणार नाहीत.

जय महाराष्ट्र!