डेल्फ्टच्या वेशी आणि त्यांचे पाण्यातील प्रतिबिंब

विटांची जुनी इमारत तैलरंगात रंगविणे आणि तिच्या पायथ्याचे पाणी रंगविणे ही दोन वेगळी कामे होत, असा नवशिक्या चित्रकाराचा समज असतो. इमारतीवर तो आठवडा घालवितो आणि मग तीच उलटी करून पाण्यात उतरवितो. पाणी त्यामुळे आरशासारखे कठीण होते. योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराने १६६०-६१ च्या सुमारास रंगविलेले 'डेल्फ्टचे दृश्य' या संदर्भात निरखून पाहण्याजोगे आहे. सुमारे ९६ सेंटिमीटर उंच व ११६ सेंटिमीटर रुंद असे हे चित्र १८२२ मध्ये हेग येथील मॉरित्सहाऊस संग्रहालयासाठी विकत घेण्यात आले.

१२ ऑक्टोबर १६५४ रोजी डेल्फ्टमधील दारूचे कोठार उडाले. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला व कारेल फाब्रिटियस हा गुणी चित्रकार त्यात दगावला. एग्बर्ट व्हान डेर पूल याने ते भग्नावशेष पुनःपुन्हा रंगविले. व्हर्मीरने मात्र दक्षिणेकडील बंदराच्या पलीकडे उभे राहून तटबंदी, स्खीडामची वेस, रॉटरडॅमची वेस आणि मागे उन्हात उजळलेला नव्या चर्चचा मनोरा एवढेच पाहिले. शहर जणू कधी हादरलेच नव्हते.

एवढ्या अंतरावरून वीट सुटी दिसत नाही. व्हर्मीरही ती दाखवीत नाही. भिंतींना तो मंद तांबूस-तपकिरी रंग देतो. डावीकडील लाल छपरांवर मात्र रंगाचा थर मुद्दाम खरबरीत ठेवलेला आहे. त्यामुळे कौलांचा स्पर्श डोळ्यांना जाणवतो. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील त्याच्या 'छोटी गल्ली' या चित्रात घर जवळ आहे. तेथे दरजा दिसतात, बुजविलेल्या भेगा दिसतात, खालच्या भिंतीवरील चुन्याची सफेदी दिसते. तरीही विटा मोजून काढलेल्या नाहीत. वीट किती दाखवावयाची हे अंतर ठरविते.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. स्थिर पाण्यात प्रतिबिंब रेखीव असते. पण काठापासून मागे असलेल्या इमारतीचा खालचा भाग त्यात काठाआड लपतो. हलकी लहर उठली की प्रत्येक लाटेचा उतार आपापला तुकडा परावर्तित करतो आणि प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने लांबत जाते. उजळ वस्तू पाण्यात किंचित मळकट भासतात, काळोख्या वस्तू किंचित उजळ. या चित्राच्या तांत्रिक तपासणीत असे आढळले की रॉटरडॅमच्या वेशीच्या जोडमनोऱ्यांचे प्रतिबिंब प्रथम आखूड व अधिक रेखीव होते. नंतर व्हर्मीरने ते खाली, जवळजवळ चित्राच्या कडेपर्यंत, ओढले. लहरींनी प्रतिबिंब लांबते हे खरे. पण येथील पाणी इतके शांत आहे की एवढी लांबी केवळ लहरींच्या हिशेबात बसत नाही. व्हर्मीरने कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला की नाही हा वाद जुना आहे. कोणतेही भिंग प्रतिबिंब लांबवून देत नाही, हे त्या वादात सहसा विसरले जाते. त्या लांब, गडद छायांमुळे शहर पाण्यावर तरंगत नाही. त्यात रुतून, भक्कम उभे राहते. स्फोट पाहिलेल्या शहरासाठी हा निर्णय क्षुल्लक नव्हता. अग्रभागी दोन स्त्रियांशेजारी काढलेला पुरुषही त्याने नंतर रंगाखाली झाकला.

चित्रातील दोन्ही वेशी १८३० नंतरच्या दशकात पाडण्यात आल्या. शहराच्या वेशींपैकी केवळ पूर्व वेस उरली असून तिलाही विटांचे दोन मनोरे आणि समोर कालवा आहे. तेथे चित्रफलक मांडणाऱ्याने भिंत व पाणी एकाच बैठकीत धरावे. जवसाच्या तेलातील रंग सावकाश वाळतो. तो ओला असतानाच कुंचला मनोऱ्यांच्या छायेतून सरळ खाली ओढावा, मग दोन-चार आडवे फटकारे द्यावेत. दरजा भिंतीवरच ठेवाव्यात. पाण्यात त्यांचा केवळ रंग उतरतो.