स्तनांचा ओघळ आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

दोन-तीन बाळंतपणें झालेली, चाळिशीला आलेली एखादी स्त्री आरशासमोर उभी राहते आणि तिच्या मनांत एक खंत उमटते. ती खंत ती कोणाजवळ बोलत नाहीं. आईजवळ लाज वाटते, आणि मैत्रिणीजवळ बोलावें तर ‘या वयांत हें काय खूळ!’ असें ऐकावें लागेल अशी भीति असते. अबोल राहिलेली ही खंत मग जाहिरातींच्या हातीं सहज सांपडते. म्हणून ओघळलेले स्तन वर उचलून बसविण्याच्या शस्त्रक्रियेचें, वैद्यकींतील ‘मॅस्टोपेक्सी’चें, खरें स्वरूप जाणून घेतलें पाहिजे.

स्तनाला आकार देणारा स्नायु त्याच्या आंत नसतो. ग्रंथि व चरबी यांना तंतुमय बंध आणि वरची त्वचा हींच सांवरून धरतात. वय, गरोदरपण, वजनांतील चढउतार व धूम्रपान यांनीं तीं सैल पडतात. पुष्कळ घरांत याचा दोष अंगावर पाजण्याला देतात. तो अन्याय आहे. २००८ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ओघळाचा संबंध गरोदरपणांच्या संख्येशीं, वयाशीं व धूम्रपानाशीं दिसला. स्तनपानाशीं दिसला नाहीं.

ओघळ किती, हें स्तनाखालच्या घडीवरून ठरतें. स्तनाग्र त्या घडीच्या जितकें खालीं, तितकी शस्त्रक्रिया मोठी. भूल देऊन जादा त्वचा काढतात, आंतील भाग वर घेऊन टांके घालतात, आणि स्तनाग्र त्याच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून वर आणतात. ओघळ थोडा असेल तर टांक्यांची रेघ काळसर वर्तुळाभोंवतींच राहते. अधिक असेल तर तेथून खालीं उभी, आणि फारच असेल तर घडींतून आडवीहि जाते. हे वण कालांतरानें फिकट होतात. पुरते जात नाहींत. ठेवण मिळते, पण वण पत्करावे लागतात, असा हा व्यवहार आहे.

त्याच्या मर्यादाहि ध्यानांत घ्याव्या. या शस्त्रक्रियेनें स्तन मोठे होत नाहींत, आणि वयाचा परिणाम थांबत नाहीं. रक्त सांखळणें, जखम चिघळणें, दोन्ही बाजू सारख्या न होणें, स्तनाग्राची संवेदना मंदावणें हे धोके असतात; क्वचित् रक्तपुरवठा तुटून स्तनाग्रच गमवावें लागतें. पुढें मूल हवें असेल तर थांबणें श्रेयस्कर, कारण गरोदरपणानें ठेवण पुन्हां बिघडूं शकते आणि अंगावर पाजतां येईलच अशी हमी देतां येत नाहीं. वजन उतरवावयाचें असेल तर तें आधीं उतरवून स्थिर होऊं द्यावें. धूम्रपानानें जखम भरण्यास अडथळा येतो. तें कांहीं आठवडे आधींपासून बंदच हवें.

मात्र एकाच स्तनाचा आकार अलीकडे बदलला असेल, गांठ हाताला लागत असेल, किंवा स्तनाग्र आंत ओढलें गेलें असेल, तर तो सौंदर्याचा प्रश्न नव्हे. तेथें प्रथम तपासणी झाली पाहिजे, आणि ती विनाविलंब.

एरवीं घाईचें कारण नाहीं. ओघळ हा रोग नव्हे. शस्त्रक्रिया न केल्यानें प्रकृतीचें कांहीं बिघडत नाहीं. शल्यविशारदाकडून वर्षानंतरच्या वणांचीं छायाचित्रें मागून पाहावींत, कोणत्या रेघा पडतील हें स्वतःच्या अंगावर आंखून घ्यावें, आणि घरीं येऊन शांतपणें विचार करावा. नवऱ्याच्या टोमण्याखातर हो म्हणूं नये, तसेंच ‘लोक काय म्हणतील’ या धाकानें नाहींहि म्हणूं नये. वण जिच्या अंगावर राहावयाचे, निर्णय तिचाच असावा.