एका नर्सकडे किती पेशंट?

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्याच्या कार्यक्रमाला बहुधा डॉक्टरांना बोलावतात. यंदा कार्यकारिणीने नर्सला बोलावलं, त्याबद्दल मनापासून आभार!

मी एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागात नर्स मॅनेजर आहे. "म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालीच ना?" असं आपली मंडळी विचारतात. तर तसं नाही. इथे नर्सचा परवाना तिचा स्वतःचा असतो आणि जबाबदारीही तिचीच. आमची फळी वेगळी : नर्स, मॅनेजर, डायरेक्टर आणि सर्वांत वर चीफ नर्सिंग ऑफिसर. कुठल्या पाळीला किती नर्सेस हव्यात, याचा हिशेब ही फळी करते. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटेल, पण पेशंटचा जीव त्यावर अवलंबून असतो. कसा ते सांगते.

केमोथेरपी डॉक्टर लिहून देतात, फार्मसी ती तयार करते. पण पेशंटच्या शिरेत औषध सोडण्याआधी दोन नर्सेस स्वतंत्रपणे नाव, जन्मतारीख, उंची, वजन आणि डोस पडताळून पाहतात. काही औषधं शिरेबाहेर झिरपली तर आतलं मांस जळतं, त्यामुळे नजर ठेवावी लागते. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या पेशंटला रात्री दोन वाजता १००.४ ताप आला, तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. हा ताप पहिल्यांदा कोणाला कळणार? नर्सला. आणि तिच्याकडे आठ पेशंट असतील तर कधी कळणार?

हा प्रश्न फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकन यांनी आकड्यांत मांडला. (आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, ते हेच शहर!) एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६८ हॉस्पिटल्स आणि शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांवर पेशंट होते. नर्समागे एकेक पेशंट वाढला, की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्सेसचं थकून जाणंही वाढत गेलं.

कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा केला आणि २००४ पासून नर्समागे पेशंटची कमाल संख्या ठरवून दिली. बहुतेक राज्यांत मात्र असा आकडा कायद्यात नाही. म्हणून दरवर्षी बजेटच्या बैठकीत आम्हाला भांडावं लागतं.

युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात हे अधिकच अवघड. इतरांनी हात टेकलेल्या केसेस, बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट, नव्या औषधांच्या चाचण्या, सगळं आमच्याकडे येतं. दहा वर्षं मुरलेली नर्स सोडून गेली, तर नवी भरती करून ती जागा कागदावर भरते, अनुभव भरत नाही. मग नर्सेस टिकतात कुठे? नर्सेसचा तुटवडा असतानाही ज्यांच्याकडे त्या टिकून होत्या, अशा ४१ हॉस्पिटल्सचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. तिथे नर्सेसच्या शब्दाला मान होता, कामाच्या निर्णयात त्यांचा वाटा होता. त्यातूनच 'मॅग्नेट' ही मान्यता निघाली. १९९४ साली ती सर्वप्रथम सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या हॉस्पिटलला मिळाली. तेव्हा हॉस्पिटल निवडताना डॉक्टरांच्या नावाबरोबर हेही जरूर विचारा : एका नर्सकडे किती पेशंट असतात?

आता थोडं आपल्या घरातलं. भारतातून आलेल्या आईला कॅन्सर निघाला, की मुलं कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतात, "तिला सांगू नका हं." त्यांची माया मला कळते. पण आईंना किती जाणून घ्यायचंय, हे आधी आईंनाच विचारू या. इंग्रजी अडत असेल तर दुभाष्या मागा. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला तो विनामूल्य द्यावा लागतो, फोनवरून मराठीसुद्धा मिळू शकतो. बारा वर्षांच्या नातवाला ते काम सांगू नका. काढे, भस्मं, गोळ्या, जे काही घरी चालू असेल ते नर्सला सांगा, कोणी रागावणार नाही. केमो चालू असताना १००.४ ताप दिसला तर टायलेनॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा.

शेवटचा मुद्दा जरा बोचेल. आपल्या मुलांतून डॉक्टर, इंजिनियर पुष्कळ निघतात, नर्स मात्र क्वचितच. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने, विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेही लोकांची बोलणी खाऊन. शंभर वर्षांनंतर आपल्याला कसला संकोच? इथे चार वर्षांची पदवी आहे, परवान्याची परीक्षा आहे, पुढे डॉक्टरेटपर्यंत वाट आहे.

उद्या तुमची मुलगी, किंवा मुलगाही, "मला नर्स व्हायचंय" म्हणाला, तर "मार्क कमी पडले का?" असं विचारू नका. माझ्याकडे पाठवा. एक दिवस वॉर्डात काय चालतं ते मी सांगेन, मग त्यांचं त्यांना ठरवू द्या.