साम्य वेगळं, नातं वेगळं : बर्मी आणि मंगोल



विषयपत्रिकेवर बर्मी आणि मंगोल ही दोन नावं शेजारी शेजारी पाहून काहींना प्रश्न पडला असेल. एक भाषा इरावतीच्या खोऱ्यातली, दुसरी गोबीच्या वाळवंटाच्या दोन्ही अंगांना बोलली जाणारी. मध्ये अवाढव्य चीन. मग यांची तुलना कशाला? ती यासाठी की भाषांचं नातं कशावरून ठरवायचं आणि कशावरून ठरवायचं नाही, हे या जोडीवर फार लख्ख दिसतं.

आधी वाक्य घेऊ. आपण म्हणतो, ‘घरून आलो’. मंगोल माणूस म्हणतो, ‘गेरेस इर्सेन’. बर्मी माणूस म्हणतो, ‘एइन्-गा ला-दे’. ‘गेर’ आणि ‘एइन्’ म्हणजे घर. ‘-एस’ आणि ‘-गा’ म्हणजे आपला ‘-ऊन’. ‘इर’ आणि ‘ला’ म्हणजे येणं. कर्ता तिघांनीही गाळला, प्रत्यय तिघांनीही नामाच्या मागे लावला, क्रियापद तिघांनीही शेवटी टाकलं. शब्द जागच्या जागी बदलत गेलं तरी भाषांतर होतं. म्हणून या भाषा बहिणी झाल्या का? मुळीच नाही. वाक्याची हीच चाल जपानीत आहे, तुर्कीत आहे, कन्नडात आहे. भाषांना वाक्य मांडण्याच्या वाटाच मोजक्या. त्यामुळे अनोळखी भाषासुद्धा एकाच वाटेवर भेटतात.

वाक्य सोडून शब्दाच्या आत शिरलं की दोघींची तोंडं दोन दिशांना होतात. मंगोल भाषा एका मुळाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत जाते, आणि प्रत्ययातला स्वर मुळातल्या स्वराशी जुळवून घेते. ‘गेर’वरून ‘गेरेस’, पण ‘गार’ म्हणजे हात, त्यावरून ‘गारास’. ‘नोम’ म्हणजे पुस्तक, त्यावरून ‘नोमोस’. मंगोल व्याकरणात स्वरांना चक्क पुरुषस्वर आणि स्त्रीस्वर म्हणतात, आणि एका शब्दात त्यांची सहसा सरमिसळ होऊ देत नाहीत.

बर्मीत स्वरांची अशी जुळवाजुळव नाही. तिथे मुळं एकाक्षरी आणि सगळी मदार सुरावर. ‘खा’ हे अक्षर खालच्या सुरात लांबवलं तर ‘हलवणं’, चढ्या सुरात ‘कडू असणं’, घसा आवळून ‘सेवेला हजर राहणं’, आणि मध्येच तोडलं तर ‘प्रहार करणं’. शिवाय मोजायचं झालं तर प्रत्येक जातीच्या वस्तूला वेगळा गणनाशब्द. माणूस मोजताना ‘याउक’, जनावर मोजताना ‘काउंग’, भिक्खू मोजताना ‘पा’. भिक्खूंना ‘याउक’ लावणं म्हणजे बेअदबी. मंगोल माणूस मात्र ‘नेग हुन’, एक माणूस, एवढं म्हणून मोकळा होतो.

आता शब्दसंग्रह. इथे तुम्ही चमकाल. रत्नाला बर्मीत ‘यदना’ म्हणतात, मंगोलमध्ये ‘एर्देने’. बर्मीत शुक्रवार ‘थाउच्या’ आणि मंगळवार ‘इंगा’, म्हणजे शुक्र आणि अंगारक. मंगोलमध्ये मंगळ हा ग्रह ‘अंगाराग’ आणि गुरू ‘बर्खस्बद’, म्हणजे बृहस्पती. संसाराची तर कमाल आहे. बर्मीत ‘थान्थया’ म्हणजे जन्ममरणाचा फेरा. मंगोलमध्ये ‘सान्सार’ म्हणजे अंतराळ. 1981 साली गुर्राग्चा हा पहिला मंगोल अंतराळवीर वर गेला तो या संसारात. आपला संसार भांड्याकुंड्यांचा.

पण हे सगळे पाहुणे शब्द आहेत, आणि ते दोन निरनिराळ्या वाटांनी गेले. ब्रह्मदेशात ते मुख्यतः थेरवादी भिक्खूंच्या पालीतून पोचले. मंगोलांकडे उइगुर आणि तिबेटी यांच्या हातून. उलट दिशेनेही वाहतूक झालीच. उलानबातार या राजधानीच्या नावातला ‘बातार’ हा जुन्या लेखनात ‘बागातुर’ आहे; तोच फारसीमार्गे आपल्याकडे ‘बहादूर’ होऊन आला. ‘उलान’ म्हणजे लाल. म्हणजे ती राजधानी अक्षरशः लाल बहादूर! एवढ्यावरून मराठी मंगोल कुळातली होत नाही.

तर मग नातं कुठे शोधायचं? उच्चारांच्या नियमांत. रत्नाकडे पुन्हा पाहा. अस्सल मंगोल शब्द ‘र’ने सुरू होत नाही, म्हणून आलेल्या शब्दापुढे स्वर लागला आणि ‘एर्देने’ झालं. रशियालाही ते ‘ओरोस’ म्हणतात. बर्मीत ‘र’चा ‘य’ झाला. आपलं रंगून आता यांगून लिहिलं जातं, पण बर्मी लिपीत ते आजही ‘र’नेच लिहितात, आणि राखाइन बोलीत तो ‘र’ ऐकूही येतो. त्याच बर्मीत ‘स’चा उच्चार जीभ दातांत धरून ‘थ’ असा झाला. म्हणून संसाराचा ‘थान्थया’. बाहेरून आलेल्या रत्नाला दोघींनी आपापल्या घरचा कायदा लावला.

हे बदल कळतात ते जुन्या लेखनामुळे. ब्रह्मदेशातल्या बगानजवळचा म्याझेदी शिलालेख साधारण 1113चा. त्यात एकच मजकूर प्यू, मोन, पाली आणि बर्मी अशा चार भाषांत कोरलेला आहे. मंगोलांनी 1204च्या सुमारास उइगुरांकडून उभी लिपी घेतली. तिच्यात डोंगराला ‘आगुला’ लिहितात, बोलताना ‘ऊल’ म्हणतात. 1940च्या दशकात मंगोलियाने रशियन वळणाची सिरिलिक लिपी स्वीकारली. चीनमधल्या अंतर्मंगोलियात उभी लिपी चालूच राहिली.

आता शेवटची कसोटी, आकडे आणि सर्वनामं. त्यासाठी बर्मीशेजारी तिबेटी ठेवू. बर्मीत तीनला ‘थोउन’ म्हणतात. ‘थ’च्या जागी जुना ‘स’ ठेवा. लेखनात तो ‘सुम’ आहे. तिबेटी लेखनात तीन म्हणजे ‘ग्सुम’. पाच बर्मीत ‘ङा’, तिबेटीतही ‘ङा’. ‘मी’साठी बर्मीत ‘ङा’, तिबेटीत ‘ङा’. मंगोलमध्ये हेच तीन शब्द ‘गुराव’, ‘ताव’ आणि ‘बी’. कुठेच जुळत नाहीत. म्हणजे बर्मीचं नातं तिबेटीशी, मंगोलशी नाही. मंगोलची सख्खी भावंडं बैकाल सरोवराकडची बुर्यात आणि कॅस्पियनकाठची काल्मिक. तुर्की भाषांशी तिचं नातं आहे की नुसता शेजार, यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि भांडण नेमकं याच कसोटीवरून आहे.

रत्न, संसार, बृहस्पती हे शब्द व्यापारी आणि भिक्खू पाठीवर घेऊन फिरतात. ‘मी’, ‘तीन’, ‘पाच’ माणूस आईकडून शिकतो. ते सहसा कोणी उसने घेत नाही. म्हणून यापुढे कोणी दोन-चार सारखे शब्द दाखवून मराठीचं नातं सुमेरीशी किंवा जपानीशी जोडू लागला, तर त्याच्याकडे आकडे मागा, सर्वनामं मागा आणि ध्वनिबदलाचा नियम मागा. तिन्ही दिले तर ऐकून घ्या.