दोरी, पीळ आणि गाठ



सीबीडी बेलापूर म्हटले की उंच कचेऱ्या आणि गजबजलेले रेल्वे स्थानक डोळ्यांसमोर उभे राहते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या नगराची उभारणी सुरू झाली. तत्पूर्वी या परिसरात मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. त्यांपैकी खाडीकाठचे दिवाळे गाव या कचेऱ्यांच्या शेजारीच आपला मासेमारीचा धंदा आजही राखून आहे. दोरीचा धडा कोठून आरंभावा असा प्रश्न पडला, तर तो अशा गावातील जाळ्यापासून आरंभावा.

कोळ्यांचे डोल जाळे म्हणजे एक लांबलचक पिशवीच होय. तोंडाशी तिचे डोळे मोठे असतात व शेपटाकडे ते लहान लहान होत जातात. भरती-ओहोटीच्या वेगाने मासळी आत शिरते, आणि पाणी निघून गेले तरी मासळी मागे राहते. या सर्व रचनेचा आधार काय? एक सूत आणि एकच गाठ, सहस्रावधी वेळा मारलेली. हाताने जाळे विणताना प्रत्येक डोळा समान यावा म्हणून दोरा एका पट्टीवरून घेतात. ज्या घरात हे काम चालते, तेथील मुलास समान अंतर, कर्ण व चौकोन या गोष्टी बोटांनी ठाऊक असतात. फळ्यावर मात्र तेच मूल अडखळते. हा दोष मुलाचा खासच नव्हे.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर मूलोद्योगास शिक्षणात स्थान मिळाले व अनेक शाळांतून टकळी फिरू लागली. पुढे टकळी उरली, परंतु सुताचे कोडे कोणी उलगडून दाखविले नाही. ते असे. तागाच्या सुतळीचा पीळ उलटा फिरवून सोडविला की आतील तंतू घसरून सहज वेगळे होतात. तेच तंतू पिळले की एकमेकांस घट्ट धरतात, आणि दोरी ताणावी तितकी ती पकड वाढते. आता पिळलेल्या सुतळीची दोन्ही टोके एकत्र आणावी. ती आपण होऊन स्वतःभोवती उलट दिशेने गुंडाळली जाते. प्रत्येक पेड उलगडू पाहतो व त्यामुळेच दुसऱ्यास आवळतो. दावे, कासरा, चऱ्हाट हे सर्व याच युक्तीने वळलेले असतात. केकताडाच्या वाखाचे दोर वळणारे कारागीर गावात असतील, तर त्यांना सन्मानाने वर्गात बोलवावे. हा पाठ त्यांच्याइतका चांगला कोणासही देता येणार नाही.

गणिताच्या तासास तर दोरीएवढे स्वस्त साधन नाही. ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थच दोरी, आणि वेदी मोजण्याचे प्राचीन शास्त्र त्याच नावाने ओळखले जाते. समान अंतरावर खुणा केलेल्या दोरीचे तीन, चार व पाच भाग ताणून त्रिकोण केला की अंगणात काटकोन मिळतो. गवंड्याचा ओळंबा, अळ्याचे वर्तुळ, झाडाचा घेर ही उदाहरणे शिक्षकांस सुचतीलच. सुमारे एक मीटर दोरीस दगड बांधून झुलविला, तर या टोकाकडून त्या टोकाकडे जाण्यास त्यास जवळजवळ एक सेकंद लागतो. दगड बदलला तरी काळ बदलत नाही. दोरी आखूड केली की मात्र बदलतो. हे सांगू नये, मुलांस मोजू द्यावे. दोरी गळ्यात कोणी अडकवणार नाही, एवढे लक्ष मात्र सतत हवे.

जुनी जाळी सणाची अथवा कापसाच्या सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन आले. ते हलके, मजबूत व न कुजणारे. कोळ्यांनी ते स्वीकारले यात नवल नाही. पण जे कुजत नाही ते तुटून पाण्यात पडले तरी मासे अडकवीतच राहते. पतंगाच्या नायलॉन मांजाने पक्ष्यांचे पंख व दुचाकीवरील माणसांचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीस तो हाती दिसतो. मुलांस नुसती बंदी ऐकवून भागत नाही. दोन्ही दोरे त्यांच्यासमोर ठेवावे.

त्यासाठी एक प्रयोग आहे, परंतु तो शिक्षकांनी स्वतः, उघड्या जागी व चिमट्यात धरून करावा. प्रथम सुंभाचा तुकडा जाळावा. ‘सुंभ जळतो पण पीळ जळत नाही’ ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. राखेत तो पीळ ती प्रत्यक्ष पाहतील. मग नायलॉनच्या दोरीचे टोक ज्योतीस लावावे. ते वितळते, थेंब होऊन ओघळते आणि निवाल्यावर कठीण गोळी उरते. पीळ त्या गोळीत शोधूनही सापडत नाही.