मणी आणि तार

मण्यांच्या दागिन्याकडे पाहताना आपली दृष्टी प्रथम मण्यांवर जाते. मोत्याचे पाणी, पोवळ्याचा रंग, काळ्या पोतीचा बारीकपणा यांची पारख घरातील वडीलधारी स्त्री सहज करते. त्यांना धरून ठेवणारी तार मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. आणि दागिना निकामी होतो तो बहुधा त्या तारेपाशीच. मंगळसूत्र तुटले असे आपण म्हणत नाही, ते 'वाढले' म्हणतो. शब्द पालटल्याने धातूचा स्वभाव मात्र पालटत नाही.

सोने जितके शुद्ध तितके मऊ. बावीस कॅरट सोन्यात हजारात सुमारे ९१६ भाग सोने असते, अठरा कॅरटमध्ये ७५०. उरलेला भाग मुख्यतः तांबे व चांदी यांचा. या मिसळीनेच तारेला ताठपणा येतो. रोज अंगावर वागवावयाच्या पोतीत प्रत्येक कडी दुसऱ्या कडीवर घासते. तेथे अठरा कॅरटची तार घेण्यात कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे, असे माझे मत आहे. अर्थात पावतीवर अठराच लिहिलेले असावे आणि भावही अठराचाच लागावा.

'हलक्या' सोन्याविषयी आपल्या मनात जी अढी आहे, तिच्यामागे थोडा इतिहासही आहे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. असंख्य सोनारांची पोटे त्या कामावर होती. ते बंधन १९६६ मध्ये सैल झाले आणि १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पण चौदा कॅरट हा शब्द लोकांच्या तोंडी कडूच राहिला. सरकारी आज्ञेने धातूची आवड बदलता येत नाही, हे आम्हा सरकारी नोकरांना त्यातून उमगावयास हरकत नव्हती.

आता तराजूकडे वळू. मण्यांच्या दागिन्यात गिऱ्हाईक फसते ते येथे. काचेचे मणी, मोती, लाख, रेशीम या सर्वांना वजन असते. ते वजा न करता साऱ्या माळेला सोन्याचा भाव लावला, तर काच सोन्याच्या मोलाने विकली जाते. म्हणून एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन हे दोन्ही आकडे पावतीवर वेगवेगळे मागून घ्यावेत. हॉलमार्कची खूण व तिच्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक धातूच्या शुद्धतेची ग्वाही देतो, मण्यांची नव्हे. दोन ग्रॅमहून हलक्या डागाला तर ही सक्तीही नाही.

चांदीचे गणित सोपे आहे. ९२५ ची चांदी मजबूत; हवेतील गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते, म्हणून काळवंडली म्हणजे खोटी, असे समजू नये. 'जर्मन सिल्व्हर' नावाच्या धातूत मात्र चांदी मुळीच नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते. निकेलने ज्यांच्या कातडीला खाज सुटते त्यांनी ते मानेशी वा कानाशी ठेवू नये. मुलामा दिलेल्या पितळेची गोष्ट निराळी. समारंभापुरती ती शोभते. घामाने मुलामा उडाला की खालचे पितळ हिरवट डाग देऊ लागते.

निगा राखताना धातूपेक्षा मणी अधिक नाजूक, हे ध्यानी ठेवावे. पितळ घासावयाची चिंच किंवा लिंबू मोत्यांजवळ नेऊ नये. मोती आम्लात झिजतो. नथ, तन्मणी, चिंचपेटी यांना मऊ ओलसर फडके पुरे. रेशमात ओवलेली माळ पाण्यात बुडवू नये, आणि अत्तर लावून झाल्यावरच ती गळ्यात घालावी. चांदीची माळ कोरड्या, घट्ट बंद डब्यात ठेवावी. तिच्याभोवती रबर गुंडाळू नये, कारण रबरातही गंधक असतो.

वर्षाकाठी एकदा माळ पटवेकऱ्याकडे वा सोनाराकडे न्यावी. तिला ताणून पाहू नये. फाशाजवळची पहिली कडी भिंगातून पाहावी. तेथे तार एका बाजूने चपटी झालेली दिसली, तर ती कडी त्याच दिवशी बदलून घ्यावी.